नी-कॅप आणि गुडघ्याचा स्थितिबोध : एक चिकित्सक अभ्यास

सारांश :

गुडघ्यावर लवचीक पट्टी किंवा नी-कॅप घातल्याने गुडघ्याची स्थिती ओळखण्याची शरीराची क्षमता वाढते, असे मत क्रीडाक्षेत्रात सर्वत्र प्रचलित आहे. प्रस्तुत लेखात या मतामागील प्रमुख संशोधनांची चिकित्सा केली असून त्यांचे निष्कर्ष ग्रामीण महाविद्यालयीन खेळाडूंना कितपत लागू पडतात याचा विचार केला आहे. नी-कॅपमुळे मिळणारा लाभ खरा आहे; परंतु तो अल्प व तात्पुरता असून मुख्यतः ज्यांचा स्थितिबोध मुळात कमी आहे अशांपुरता मर्यादित आहे. हा लाभ म्हणजे दुखापतीपासूनचे संरक्षण नव्हे, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : नी-कॅप, स्थितिबोध, गुडघा, एसीएल, कबड्डी, ग्रामीण खेळाडू.

प्रस्तावना :

दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की भंडारा जिल्ह्यात गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात. मोहाडी तालुक्यातील करडी व आसपासचा परिसरही त्यास अपवाद नाही. मैदानावर उतरणाऱ्या खेळाडूंकडे पाहिले असता अनेकांच्या एका अथवा दोन्ही गुडघ्यांवर काळ्या रंगाची नी-कॅप दिसते. पहाटे रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याचा सराव करणारी मुले आणि ८०० मीटरचा सराव करणाऱ्या मुलीही ती वापरतात. रोवणीच्या हंगामात दिवसभर बांधीतील चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या बायका सायंकाळी औषधाच्या दुकानातून हीच वस्तू विकत घेतात. चढाईपटू, धावपटू आणि शेतमजूर स्त्री या तिघांच्या गुडघ्यांचे प्रश्न भिन्न आहेत. उपाय मात्र एकच योजला जातो.

नी-कॅप का घालता, असा प्रश्न विचारल्यास बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : ‘गुडघ्याला आधार मिळतो.’ या उत्तरातील ‘आधार’ हा शब्दच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा आधार हाडांना मिळतो, अस्थिबंधांना मिळतो, की केवळ मनाला मिळतो? शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात गेल्या काही दशकांत या प्रश्नाला एक चौथे उत्तर दिले गेले आहे. नी-कॅप गुडघ्याला बळ देत नाही, तर गुडघ्याविषयीची माहिती मेंदूला देते, असे ते उत्तर होय. हे उत्तर आकर्षक आहे आणि काही अंशी खरेही आहे. म्हणूनच त्याची चिकित्सा होणे अगत्याचे ठरते.

संज्ञाविचार :

डोळे मिटून बसलेल्या व्यक्तीचा पाय दुसऱ्याने हलक्या हाताने उचलून एका विशिष्ट कोनात धरला, तर पाय किती वाकला आहे हे ती व्यक्ती न पाहता सांगू शकते. दुसऱ्या पायाने तोच कोन ती जवळपास अचूक करूनही दाखविते. या क्षमतेस इंग्रजीत प्रोप्रिओसेप्शन म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘स्थितिबोध’ हा शब्द योजला आहे. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ च्या सुमारास ही संज्ञा रूढ केली. पुढे १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांच्या संशोधनातून पिएझो-२ हे प्रथिन स्पर्शाप्रमाणेच स्थितिबोधासाठीही आवश्यक असल्याचे स्पष्ट झाले. ज्यांच्या शरीरात हे प्रथिन जन्मतःच कार्य करीत नाही अशा दोन व्यक्तींचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. डोळ्यांवर पट्टी बांधताच त्यांना चालणे अत्यंत कठीण जात असे. चालताना आपण पायांकडे पाहत नाही, याचे श्रेय या मूक संवेदनेला आहे.

ही संवेदना कोठून येते, याविषयीचे मत काळानुसार बदलत गेले. एकेकाळी सांध्याच्या आतील ग्राही हा तिचा मुख्य स्रोत मानला जाई. १९७२ साली गुडविन, मॅक्क्लॉस्की व मॅथ्यूज यांनी स्नायूच्या कंडरेवर कंपने दिली असता अवयव हलल्याचा भास होतो, हे दाखवून दिले. स्नायूतील तर्कूच्या आकाराचे ग्राही हे स्थितिबोधाचे प्रमुख साधन आहे, हा विचार त्यानंतर दृढ झाला. १९७३ साली ग्रिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांचा अभ्यास केला. मूळ सांधा व त्याचे आवरण काढून टाकल्यानंतरही त्या रुग्णांची सांध्याची जाणीव बऱ्याच अंशी टिकून होती. म्हणजे सांधा हा स्थितिबोधाचा विषय असला तरी तोच त्याचा एकमेव उगम नाही.

त्वचेचा प्रश्न :

नी-कॅप स्नायूतील ग्राहींपर्यंत थेट पोहोचत नाही. ती त्वचेला स्पर्श करते, त्वचा दाबते आणि गुडघा वाकताना त्वचा ताणते. त्यामुळे नी-कॅपचा स्थितिबोधावरील परिणाम मान्य करावयाचा असेल, तर त्वचेला या व्यवहारात काही स्थान आहे हे आधी मान्य करावे लागते. येथे दोन परस्परविरोधी वाटणारी संशोधने समोर येतात.

१९७९ साली क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या आत आणि सभोवतालच्या त्वचेत बधिरीकरणाचे औषध दिले. तरीही स्थिर गुडघ्याची स्थिती ओळखण्याची क्षमता घटली नाही. या प्रयोगावरून त्वचेचे महत्त्व नगण्य ठरते. याउलट २००१ साली बेनोनी एडिन यांनी मांडीच्या त्वचेतील चेतातंतू गुडघ्याच्या हालचालीची माहिती मेंदूकडे वाहून नेतात, असे दाखविले. २००५ साली कॉलिन्स, रेफशॉज, टॉड व गँडेव्हिया यांनी केवळ त्वचा ताणून गुडघा हलल्याचा भास निर्माण करता येतो, असे सिद्ध केले.

या दोहोंचा मेळ घालणे अशक्य नाही. क्लार्क यांचा प्रयोग स्थिर गुडघ्याचा होता. एडिन व कॉलिन्स यांचा हालचालीचा. शिवाय एखादा साक्षीदार गैरहजर असताना खटला उभा राहतो, याचा अर्थ त्याची साक्ष निरुपयोगी असते असा होत नाही. निरोगी गुडघ्यात स्नायूंची साक्ष इतकी भक्कम असते की त्वचेच्या साक्षीवाचून काही अडत नाही. परंतु स्नायू थकले असतील, सांधा झिजला असेल किंवा मुळातच जाणीव मंद असेल, तर त्वचेची दुय्यम साक्ष मोलाची ठरू शकते. नी-कॅपविषयीच्या पुढील अनेक संशोधनांचे निष्कर्ष याच दिशेने जाताना दिसतात.

प्रमुख संशोधनांची समीक्षा :

१९९१ साली बॅरेट, कॉब व बेंटली यांनी निरोगी, झिजलेले व कृत्रिम सांधा बसविलेले गुडघे यांची तुलना केली. झिजलेल्या गुडघ्यांचा स्थितिबोध कमी असतो आणि साधे लवचीक बँडेज बांधल्यास तो सुधारतो, असे त्यांना आढळले. १९९५ साली पर्लाऊ, फ्रँक व फिक यांनी दुखापत नसलेल्या व्यक्तींवर अशाच बँडेजचा परिणाम पाहिला. सरासरी सुधारणा सुमारे एक अंशाची होती. ज्यांचा स्थितिबोध मुळात कमी होता त्यांना अधिक लाभ झाला आणि बँडेज काढताच तो लाभ संपला. १९९६ साली मॅकनेअर, स्टॅन्ली व स्ट्रॉस यांना हलत्या लक्ष्याचा पाठलाग करण्याच्या चाचणीत नी-कॅपमुळे सुधारणा दिसली. २००२ साली कॅलेघन व सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या वाटीवर चिकटपट्टी लावून प्रयोग केला. संपूर्ण गटात फरक पडला नाही, मात्र कमी स्थितिबोध असलेल्यांत सुधारणा आढळली. २००८ साली व्हॅन टिगेलेन, कूरेव्हिट्स व विटव्रो यांनी स्नायूंच्या थकव्याने घटलेला स्थितिबोध निओप्रीनच्या नी-कॅपमुळे भरून निघतो, असे नोंदविले. घाई, ड्रिलर व घाई यांनी २०१७ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्याचाही कल सांध्याच्या आधारसाधनांना अनुकूल आहे.

वरवर पाहता हा पुरावा भक्कम वाटतो. तथापि त्याची तीन अंगांनी तपासणी करणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप मापनाविषयी आहे. बहुतेक प्रयोगांत व्यक्ती खुर्चीवर बसलेली असते, पाय अधांतरी असतो आणि हालचाल संथ असते. १९९८ साली बर्मिंगहॅम व सहकाऱ्यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले. बसून पाय मोकळा असताना नी-कॅपचा जो लाभ दिसला, तो पायावर भार देऊन केलेल्या चाचणीत बराच कमी झाला. कबड्डीपटूचा पाय तर सदैव जमिनीवर भार घेत असतो. शिवाय स्थितिबोधाच्या विविध चाचण्या एकमेकींशी जुळतातच असे नाही. बॅरॅक व सहकाऱ्यांनी १९८४ साली बॅले नर्तकांचा अभ्यास केला. सूक्ष्म हालचाल ओळखण्यात नर्तक सरस ठरले, तर ठरवून दिलेला कोन पुन्हा करून दाखविण्यात ते सामान्य व्यक्तींपेक्षा मागे पडले. २००२ साली ग्रोब व सहकाऱ्यांनी एकाच व्यक्तीवर निरनिराळ्या चाचण्या घेतल्या असता त्यांच्यात सहसंबंध आढळला नाही. म्हणजेच ‘स्थितिबोध सुधारला’ हे विधान अपुरे आहे. कोणत्या चाचणीत सुधारला, हे सांगितल्याशिवाय त्यास अर्थ प्राप्त होत नाही.

दुसरा आक्षेप संख्याशास्त्रीय आहे. ज्यांचा स्थितिबोध कमी त्यांना लाभ अधिक, हा निष्कर्ष वारंवार येतो. परंतु पहिल्या चाचणीत सर्वांत कमी गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांची दुसरी चाचणी घेतली, तर शिकवणी न देताही त्यांचे गुण काहीसे वाढतात. पहिल्या वेळी त्यांच्या वाट्याला आलेल्या योगायोगाचा भाग दुसऱ्या वेळी गळून पडतो, हे आपण सर्व प्राध्यापक अनुभवाने जाणतो. नी-कॅप न घालता केलेल्या पहिल्याच मापनावरून गट पाडले आणि नंतर नी-कॅप घालून पुन्हा मापन केले, तर आढळलेल्या सुधारणेतील काही भाग नी-कॅपचा नसून या नियमाचा असू शकतो. मूळ निष्कर्ष यामुळे खोटा ठरत नाही. पण त्याचे आकारमान निश्चितच शंकास्पद ठरते.

तिसरा आक्षेप अपेक्षेच्या परिणामाविषयी आहे. औषधाच्या प्रयोगात रुग्णास खरी गोळी दिली की खोटी, हे लपविता येते. गुडघ्यावर नी-कॅप आहे की नाही हे वापरणाऱ्यापासून लपविता येत नाही. बर्मिंगहॅम यांच्याच प्रयोगात बहुसंख्य व्यक्तींनी नी-कॅपमुळे आपली कामगिरी सुधारल्याचे सांगितले. प्रत्यक्ष मापन मात्र इतके उत्साहवर्धक नव्हते. जाणवलेली सुधारणा आणि घडलेली सुधारणा यांतील हे अंतर खेळाडूच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचे आहे.

दुखापतीचा क्षण :

वरील आक्षेप बाजूला ठेवून एक अंशाची सुधारणा पूर्णतः मान्य केली, तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. या एका अंशामुळे गुडघा वाचतो काय?

चढाईपटू वेगाने आत शिरतो, बोनस रेषेजवळ एका पायावर वळतो आणि त्याच वेळी कोपऱ्यातील खेळाडू त्याच्या घोट्यावर झेप घेतो. अशा क्षणी एसीएल हा गुडघ्याच्या आतील प्रमुख अस्थिबंध तुटू शकतो. हँडबॉल व बास्केटबॉल खेळणाऱ्या महिलांच्या दुखापतींच्या चित्रफितींचे विश्लेषण कोगा व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केले. त्यानुसार पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० सहस्रांश सेकंदांत ही दुखापत घडते. एवढ्या अवधीत संवेदना मेंदूपर्यंत पोहोचून स्नायूंनी प्रत्युत्तर देणे शक्य नसते. त्या क्षणी माहिती कामी येत नाही. पाय टेकण्यापूर्वीच स्नायूंनी घेतलेली सज्जता कामी येते. ही सज्जता सरावाने येते.

याहून गंभीर बाब अशी की, ज्यांचा एसीएल आधीच तुटलेला आहे त्यांना नी-कॅप स्थितिबोधाच्या बाबतीतही साहाय्य करीत असल्याचे दिसत नाही. १९९९ साली बेनन व सहकाऱ्यांनी अशा व्यक्तींचा अभ्यास केला. दुखावलेल्या गुडघ्याची हालचाल ओळखण्याची क्षमता कमी झालेली होती आणि निओप्रीनची नी-कॅप किंवा खास बनविलेला ब्रेस यांपैकी कशानेही ती सुधारली नाही. ज्याला आधाराची सर्वाधिक गरज, त्यालाच तो मिळत नाही, असे हे चित्र आहे.

माझ्या पाहण्यातील एका विद्यार्थी चढाईपटूचे उदाहरण येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. एका सामन्यात त्याचा गुडघा मुरगळला, आत ‘कट्’ असा आवाज झाला आणि रात्रीपर्यंत सूज आली. आठवडाभरात सूज उतरली. त्याने नी-कॅप विकत घेतली आणि तो पुन्हा मैदानात उतरला. पायऱ्या उतरताना गुडघा निसटल्यासारखा होतो, हे त्याने कोणालाही सांगितले नाही, कारण नी-कॅप घातल्यावर त्याला ‘बरे वाटत’ होते. मीही त्याला विचारले नाही. गुडघ्यावर नी-कॅप पाहून तो काळजी घेत आहे, असे मी गृहीत धरले. पुढच्या महिन्यात तोच गुडघा पुन्हा निसटला आणि या खेपेस आतील गादीही फाटली. शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या वडिलांना धान विकून करावा लागला आणि त्या वर्षीची पोलीस भरतीची संधी गेली. यात दोष नी-कॅपचा नव्हता. तिने जे सांगितलेच नव्हते ते आम्ही दोघांनी ऐकले, हा दोष होता.

नी-कॅपचे योग्य स्थान :

येथवरच्या विवेचनावरून नी-कॅप निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. गुडघ्याची झीज झालेल्या व्यक्तींत मऊ नी-कॅपमुळे वेदना कमी होतात व हालचाल काहीशी सुकर होते, असे कुदेय्को व सहकाऱ्यांच्या २०१८ सालच्या आढाव्यात दिसून येते. रोवणी करून आलेल्या स्त्रीला नी-कॅपमुळे पाण्याची गुंडी घेऊन घरापर्यंत चालणे सोपे जात असेल, तर तो लाभ क्षुल्लक म्हणता येणार नाही. सरावाच्या शेवटी थकलेल्या खेळाडूसही तिचा थोडाबहुत उपयोग संभवतो. मात्र विदर्भाच्या उन्हाळ्यात, ४५ अंशांच्या आसपासच्या तापमानात, निओप्रीनखाली घाम साचून त्वचेला त्रास होतो आणि फार घट्ट पट्टीमुळे पायाला सूज येऊ शकते, याचेही भान ठेवले पाहिजे.

संरक्षणाचा मार्ग वेगळा आहे व तो उपलब्धही आहे. १९९६ साली काराफा व सहकाऱ्यांनी इटलीतील ६०० फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. तोल सांभाळण्याच्या फळीवर नियमित सराव करणाऱ्या संघांत एसीएलच्या दुखापती लक्षणीयरीत्या कमी आढळल्या. २००३ साली मिक्लेबुस्ट व सहकाऱ्यांनी नॉर्वेतील महिला हँडबॉलपटूंना तोल, उडी व वळण यांचे प्रशिक्षण दिले असता, ज्यांनी ते नेटाने पूर्ण केले अशा अव्वल दर्जाच्या खेळाडूंत लाभ दिसला. या अभ्यासांतही खेळाडूंची गटवाटणी यादृच्छिक नव्हती, ही मर्यादा प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. शिवाय हे खेळ कबड्डी नव्हेत. तरीही एका पायावर वळणे आणि उडीनंतर गुडघा आत न झुकू देता उतरणे ही कौशल्ये तिन्ही खेळांत समान आहेत. त्यासाठी महाविद्यालयाला महागडे साहित्य लागत नाही. मैदान, वीस मिनिटे आणि लक्ष ठेवणारा शिक्षक पुरेसा आहे.

निष्कर्ष :

१. नी-कॅपमुळे गुडघ्याचा स्थितिबोध काही व्यक्तींत, काही चाचण्यांत, अल्प प्रमाणात सुधारतो. नी-कॅप काढताच हा लाभ टिकत नाही.

२. ही सुधारणा बव्हंशी बसून केलेल्या संथ चाचण्यांत आढळली आहे. खेळातील भार व वेग यांच्याशी तिचा संबंध प्रस्थापित झालेला नाही.

३. कमी स्थितिबोध असलेल्यांना अधिक लाभ होतो, हा निष्कर्ष संभाव्य असला तरी मापनपद्धतीच्या दोषामुळे त्याचे प्रमाण फुगलेले असू शकते.

४. एसीएल तुटलेल्या खेळाडूस नी-कॅप सुरक्षित करीत नाही; उलट निर्माण होणाऱ्या विश्वासामुळे निदानास विलंब होण्याचा धोका असतो.

शिफारशी :

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी संघनिवड करताना नी-कॅप घालणाऱ्या प्रत्येक खेळाडूस ती का घातली हे विचारले जावे. गुडघ्यातून आवाज येणे, त्याच रात्री सूज येणे किंवा पायऱ्या उतरताना गुडघा निसटणे यांपैकी एकही लक्षण असल्यास अस्थिरोगतज्ज्ञाच्या तपासणीशिवाय त्यास मैदानात उतरवू नये. क्रीडा विभागाच्या सरावात तोल व उतरण्याच्या प्रशिक्षणास दररोज स्थान असावे. गुडघ्यावरील काळी पट्टी ही शिक्षकाच्या दृष्टीने काळजी घेतल्याची खूण नसून चौकशी सुरू करण्याची खूण आहे. हा प्रश्न विचारण्यास कोणताही खर्च येत नाही; तो न विचारल्याची किंमत मात्र विद्यार्थ्याच्या घराला मोजावी लागते.